दिगूकाकाची कोप

आमच्या दिगूकाकानं आयुष्यात जे जे बांधलं ते ते पडलं. हे मी त्याची निंदा म्हणून सांगत नाही. गावात कुणालाही विचारा, हसत हसत हेच सांगतील, आणि काका असता तर तोही मान डोलवून म्हणाला असता, "व्हय, पडलं. पन पाया पक्का हुता."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. भिंत पडली, पाया पक्का होता. चूल आत बसली, पाया पक्का होता. एकदा त्यानं म्हशीसाठी मोठ्या हौसेनं छप्पर घातलं आणि म्हैस छपराच्याच मेढीला बांधली. तिसऱ्या दिवशी म्हशीला पाण्याची आठवण झाली आणि ती मेढीसकट, अर्ध्या छपरासकट भर बाजाराच्या दिवशी गावातून हौदावर गेली. मागून काका पळतोय आणि लोकांना सांगतोय, "सरका, सरका, गोठा यायलाय!" हौदापाशी कुणीतरी विचारलं, दिगू, हे कसं झालं? तर म्हणतो, "म्हैस अडानी हाय, दुसरं काय. पाया बघा जाऊन, जागचा हाल्ला न्हाई." पाया म्हणजे काय, तर मेढ उपटली तिथलं भोक.

परवा तुरीच्या डाळीच्या डब्यात प्लास्टिकचा एक लांब पिवळा ठोकळा सापडला. बायकोनं तो माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "काकांचं काम." आम्ही दोघं हसलो. काका गेल्या श्रावणात गेला. आणि त्यानं आमच्या लेकीपासून, सईपासून लपवून ठेवलेला माल अजून घरात निघतोच आहे.

ठोकळ्यांचं सांगायचं तर आधी येळवशीचं, म्हणजे वेळा अमावस्येचं, सांगावं लागेल. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप करायची, म्हणजे ज्वारीच्या ताटांची खोपटी. तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची आणि मग जेवायचं. जेवायचं म्हणजे काय विचारू नका. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकातली आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत हो. हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, वाल, गाजर, बोरं, चिंच, शिवारात जे जे हाताला लागेल ते सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं घट्ट कालवण. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारून बसवतात आणि तो उठता येईना झाला की सोडतात.

आता शहाणी माणसं कोप करतात ती देवापुरती. गुडघाभर उंच, आत पांडव बसले की झालं, माणसं बाहेर लिंबाखाली जेवतात. दिगूकाकाला हे मंजूर नव्हतं. "देव सावलीत आन मानसं उनात? ह्यो कुठला न्याय?" असं म्हणून तो सगळं खानदान मावेल एवढी कोप करायचा. पंधरवडाभर आधी कडबा निवडायचा, दोऱ्या वळायचा, काठीनं मातीत नकाशा काढायचा. काकी दुरून बघून म्हणायची, "बांधा, बांधा. मी तवर हळद आन चुना कालवून ठिवते, मार लागल्यावर लावायला."

काकाचे थोरले भाऊ म्हणजे माझे वडील, अण्णा. शाळामास्तर होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, बोलणं मोजकं, आणि बोललेलं मागं घेणं त्यांच्या रक्तात नाही. माझ्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी नवे व्याही येळवशीला बोलावले. दिगूकाकाला जोर चढला. त्या वर्षी त्यानं कोपीला आतून माळा काढला. होय, कडब्याच्या खोपटीत माळा! आंबील गार राहावी म्हणून मडकं माळ्यावर, आणि बरोबर खाली अण्णा आणि व्याही पाटावर. अण्णांनी पहिला घास घेतला आणि वर कायतरी कर्रकर्र वाजलं.

आधी आंबील आली, मग माळा आला, मग कोप आली. कडब्याच्या ढिगातून पहिल्यांदा व्याह्यांची टोपी बाहेर निघाली, मग व्याही. भला माणूस, मिशीला लागलेली आंबील चाटून म्हणाला, "ताक लय सुरेख हाय हो." मग अण्णा निघाले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होते, पण अण्णा नेहमीच पांढरे असल्यानं फार फरक दिसत नव्हता. काकीला हसू आवरेना, ती पदर तोंडात कोंबून धुऱ्याकडं, म्हणजे शेताच्या बांधाकडं पळाली. आणि काका ढिगाभोवती फिरून बघत होता. म्हणाला, "पाया पक्का हाय, दादा."

तेवढं ऐकलं आणि अण्णांचा तोल गेला. सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "दिग्या, तुझ्या कोपीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

झालं. मास्तर बोलले. पुढं शेताची वाटणी झाली ती गोडीनं झाली, धुऱ्यावरून आमच्या घरात कधी भांडण नाही. बापजाद्यांचे चुना खाल्लेले जुने पांडव थोरल्याच्या वाट्याला गेले, काकानं ओढ्यातून दरवर्षी नवे दगड आणायचे असं ठरलं. बोलणंसुद्धा बंद नव्हतं. पाणी, लाईट, रानडुकरं, सगळ्यांवर दोघं तासन्‌तास बोलायचे. आई गेल्यापासून अण्णांचा दोन वेळचा डबाही काकीकडूनच जायचा. फक्त येळवशीच्या दिवशी धुऱ्याच्या अलीकडं काकाची आगगाडीएवढी कोप आणि पलीकडं अण्णांची गुडघाभर कोप. अण्णा सतरंजीवर एकटे, पेपर उघडून. आम्ही बाकीचे आधी इकडं जेवायचो, मग तिकडं जेवायचो आणि संध्याकाळी सोडा शोधत परभणीला यायचो.

भज्जी मात्र काका स्वतः करायचा. त्या दिवशी चुलीपाशी काकीलाही फिरकू देत नसे. पहिली वाटी धुऱ्यापलीकडं जायची. अण्णा चाखायचे आणि नेणाऱ्याजवळच निरोप द्यायचे, "मीठ कमी आहे म्हणावं." निरोप अलीकडं आला की काका पेटायचा. "मीठ बराबर हाय म्हनावं! शाळंत खडू खाऊन खाऊन जीभ मेलीय मास्तराची!" मग हा निरोप पलीकडं. एवढी वर्षं हेच. दुसऱ्या दिवसापासून काका पुन्हा त्यांना दादा म्हणायचा. येळवशीला तेवढे मास्तर.

दोन वर्षांमागं दिवाळीनंतर काकाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्याला आम्ही परभणीला आमच्याकडं ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी बायकोनं फुलके केले. काळा चष्मा लावलेल्या काकानं एक उचलला, उजेडाकडं धरला, उलटा केला आणि विचारलं, "वैशाली, बाई, हे खायाचं हाय का हात पुसायचं?"

"खायचं, काका."

"मंग धा आन. एकानं काय हुतंय?"

सकाळचं हे असं. दुपारी सई शाळेतून यायची आणि दोघं मिळून त्या दोन मिनिटांच्या शेवया करून खायचे. काका त्यात ठेचा घालायचा. सईच्या नाकाडोळ्यातून पाणी यायचं पण पोरगी हटायची नाही. बायको म्हणाली, अहो काका, लेकरू आहे. तर म्हणे, "लेकराला तिखट चालंना तर त्याला परभनी जिल्ह्यात ठिवता कशाला? पुन्याला धाडा."

पुण्याचं नाव निघालं ते सईच्या मामावरून. पुण्याच्या त्या मामानं सईला वाढदिवसाला एक बादलीभर ठोकळे पाठवले होते. रंगीत, टिंबाटिंबांचे, एकावर एक दाबले की टक् करून बसतात ते. एकदा काकानं सहज दोन ठोकळे उचलले आणि दाबले. टक्. त्यानं ओढून बघितले. निघेनात. चष्मा वर केला. पुन्हा ओढले. आणि म्हणाला, "आयला! चिखल न्हाई, दोरी न्हाई, खिळा न्हाई. हे मला आदुगर कामून कुणी दाखिवलं न्हाई?"

तिथून त्या माणसाचं घरात लक्ष राहिलं नाही. सकाळी चहाआधी बादली. डोळ्यात औषध टाकायला हाक मारली की "थांब, भिंत आल्याय." सई शाळेतून आली की तिच्या हाताला ठोकळे लागू नयेत म्हणून लांब लांब ठोकळे बंडीच्या खिशात, उशीच्या अभ्र्यात, आणि आता कळलं, डाळीच्या डब्यातसुद्धा. रोज भांडण. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि आठ वर्षांची पोर समोरासमोर उभी राहून एकमेकांना चोर म्हणायची. मी न्यायनिवाडा करायला गेलो तर दोघं मिळून माझ्यावर यायची, "तू मधात पडू नकू, तुला ह्यातलं कळत न्हाई."

आणि एवढं करून त्याचं पडायचंच. जगातल्या शेंबड्या पोरालाही जे पाडता येत नाही असं सामान, ते ह्याच्या हातून पडायचं. सई कमरेवर हात ठेवून बघत होती. एक दिवस तिनं शोध लावला.

"दिगूआजोबा, तुम्ही दारं फार ठेवता. म्हणून पडतंय."

खरंच की. त्याच्या प्रत्येक घराला चारी बाजूंनी दारं. खिडकी एक नाही. खिडक्यांचे सगळे ठोकळे त्यानं सईला उदार मनानं देऊन टाकले होते. "खिडकीतून मानूस आत येतंय का? मंग ती काय चाटायची?"

"पण एवढी दारं कशाला?"

"कोन कुनीकडून यील, सांगता येतंय का?"

सईनं मास्तरांची नात शोभेल अशा थाटात त्याच्यासमोर बसून एकेक दार बुजवायला लावलं. एक बुजलं. दुसरं बुजलं. घर जरा ताठ झालं. तिसऱ्याला हात घातला तसा काकानं तिचा हात धरला.

"हे ऱ्हाऊ दी."

"अहो, पण हेच तर पाडतंय!"

"पाडू दी. हे धुऱ्याकडचं हाय. हे मास्तराचं दार हाय."

मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. पेपर खाली घेतला. एवढी वर्षं आम्ही ह्या माणसाला हसत आलो की ह्याच्या कोपी का पडतात, आणि हा दरवर्षी धुऱ्याकडची बाजू, नेमकी वाऱ्याची बाजू, भावासाठी उघडी ठेवत होता. मला भरून आलं. काकाला ते दिसलं असावं, कारण तो लगेच खेकसला, "बघत काय बसलास? चाय सांग दोन कप!"

मी अण्णांना फोन केला. म्हटलं, अण्णा, काकाचा डोळा आत्ता बरा झालाय, वय झालं, यंदा येळवशीला त्याच्या कोपीत या. अण्णा म्हणाले, "मी त्याच्या ऑपरेशनला आलो होतो की नाही?"

"आला होता."

"रात्रभर बसलो होतो की नाही?"

"बसला होता."

"मग झालं. कोपीचं बोलू नकोस. बोललो ते बोललो." आणि पुढं हळूच, "भज्जी तोच करणार ना?"

काकाला मी हे सांगितलं. तो नुसता हातातला लाल ठोकळा उलटसुलट करत राहिला. मग सईच्या कानात काहीतरी बोलला आणि सई खिदळली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ह्या दोघांनी काहीतरी कट केला आहे.

येळवशीला आम्ही सकाळीच निघालो. वाटेतली पोखर्णी मागं टाकली, गावातून काकीला गाडीत घेतलं तसा काकानं चष्म्यातून शिवार न्याहाळायला सुरुवात केली, ह्याची कोप बुटकी, त्याची कोप वाकडी. त्याची स्वतःची कोप आदल्या दिवशी गड्यांनी त्याच्या सांगण्यावरून उभी केली होती. दोन दारं बुजवलेली, एक येण्याजाण्याचं आणि एक मुद्दाम उघडं. धुऱ्याकडचं. उतरल्या उतरल्या त्यानं चुलीवर भज्जी करून ठेवली, मग धुऱ्याकडच्या मेढीला हात लावला आणि ती मेढ बैलानं मान हलवावी तशी हलली. काका तिला टेकून उभा राहिला. म्हणाला, "गार हवा यायलीय हितं. मी हितंच हुबा ऱ्हातो."

काकी आत पूजा मांडायला गेली आणि किंचाळलीच. "अहो! हे काय हो मांडलंय?"

आत चौरंगावर पाच ठोकळे. लाल, निळा, हिरवा, पांढरा, पिवळा. सगळ्यांना चुन्याची बोटं ओढलेली, हळदकुंकू वाहिलेलं. आठ टिंबांचा लाल तो भीम, हे सईनं उघड करून सांगितलं.

"दगड सापडंनात औंदा," काका मेढीपासूनच बोलला. "डोळ्याला दिसंना."

"दिसंना काय! वाटंवरची बोर दिसली, गाडी थांबवली, झोडपली, आन दगड दिसंना?"

पण तोवर सई धुरा ओलांडून पळाली होती. "अण्णाआजोबा! अण्णाआजोबा! आमचे पांडव बघायला या, आमचा भीम लाल आहे!"

अण्णांनी पेपर खाली घेतला. "लाल? कशाचा?"

"ठोकळ्याचा! माझ्या बादलीतला!"

आम्ही इकडून बघत होतो. अण्णा सतरंजीवरून उठले. पेपरची घडी घातली. स्वतःच्या कोपीपुढं वाकले, हात जोडले आणि बापजाद्यांचे पाचही दगड एकेक करून उपरण्यात घेतले. मग उपरण्याची गाठोडी पोटाशी धरून तरातरा धुऱ्याकडं निघाले. "प्लास्टिकचे पांडव! ह्या घराण्यात! गाढव आहे, गाढव!"

"आला मास्तर," काका मेढीला मिठी मारून पुटपुटला. चष्म्याआड त्याचा चेहरा दिसत नव्हता पण मिशी हलत होती.

अण्णा त्याच्या शेजारून, त्याच्याकडं न बघता, धुऱ्याकडच्या दारातून आत गेले. एवढ्या वर्षांनी. त्यांनी पाच ठोकळे हळूच उचलून सईच्या ओंजळीत दिले, रागावले होते तरी टाकले नाहीत. दगड मांडले, पाणी शिंपडलं, हात जोडले. वळतात तर पुढं पाट आणि पाटावर वाढलेलं ताट. काकीनं जागा अडवली होती.

"मी देवासाठी आलो होतो," अण्णा म्हणाले.

"देवासाठीच वाढलंय, भावजी. देव काय एकटा जेवतोय?"

अण्णांनी ताटाकडं बघितलं. भज्जीची वाफ निघत होती. ते बसले.

त्यांनी पहिला घास घेतला आणि वारं सुटलं. कोप एका अंगाला कलली, आमच्या डोक्यावर कडबा सळसळला, बायकोनं सईला ओढून जवळ घेतलं. आणि कोप परत सरळ झाली. अण्णांनी वर बघितलं, मग बाजूला बघितलं. कडब्याच्या फटीतून बाहेरचे दोन पाय दिसत होते. टाचा मातीत रोवलेल्या.

अण्णांनी दुसरा घास घेतला. "मीठ कमी आहे."

"मीठ बराबर हाय!" बाहेरून घुसमटलेला आवाज आला.

"दिग्या, आत ये. जेव."

"तुमी जेवा. मला भूक न्हाई."

आमच्या घराण्यात येळवशीला भूक नाही असं म्हणणारा माणूस तेव्हा पहिल्यांदा निघाला. अण्णांनी ताट साफ केलं. पुन्हा भज्जी मागितली. तीही संपवली. हात धुतला, आपल्या दारातून बाहेर आले आणि मेढीपाशी गेले. काका गालाला कडबा चिकटलेला, घामाघूम, दोन्ही हातांनी मेढ छातीशी धरून उभा होता.

"सोड," अण्णा म्हणाले.

"पडंल, दादा."

येळवशीच्या दिवशी दादा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी धरतो. तू जेवून ये."

काकाला खरं वाटेना. अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मेढीला मिठी घातली. पांढरं धोतर, पांढरा सदरा, रिटायर मास्तर, कडब्याच्या खोपटीला धरून उभा. काका त्यांच्याकडं बघत बघत उलट्या पावलांनी आत आला, मास्तराच्या दारातून, आणि पाटावर बसला.

मला काका आठवतो तो असा. चष्मा कपाळावर, एक डोळा लाल, उंडा कुस्करतोय, भज्जी ओरपतोय, आणि उरकायचं नाव नाही. काकी वाढतेय, तो घेतोय. पुढच्या येळवशीला तो अंथरुणाला होता, म्हणजे शेतातलं त्याचं ते शेवटचंच जेवण, पण तेव्हा ते आमच्या ध्यानीमनी नव्हतं. आम्ही नुसते हसत होतो.

"दिग्या, उरक की! हात भरून आले माझे."

"फिकर करू नका, दादा. पाया पक्का हाय."

मग त्यानं भज्जीचा एक मोठा घास घेतला. सावकाश चावला. थांबला. पुन्हा चावला. आणि खाली मान घालून, पण बाहेर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला,

"दादा, मीठ कमीच हाय."

बाहेर अण्णा हसायला लागले. ते हसले तशी मेढ हलली, मेढ हलली तशी अख्खी कोप गदागदा हलली, वरून कडबा आमच्या ताटात पडायला लागला. पण कोप काही पडली नाही.